उजव्या बाजूची गाठ

कोन, पनवेल
६ फेब्रुवारी २०२५

कुमुदबाय,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच बाजूला ठेवशील, म्हणून वरचा पत्ता प्राचीकडून लिहून घेतला. आतलं अक्षर माझं आहे. फोन तू माझा घेत नाहीस, आणि ह्यांचा नंबर तर तू आठ वर्षांपूर्वीच बंद करून टाकलास. मग पत्राशिवाय काय उरतं? शाळा सुटल्यापासून मी एवढं कधी लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घे.

तुझे धाकटे दीर आजारी आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जिभेच्या कडेला फोड आला, तो बरा होईना, आणि शेवटी कॅन्सर निघाला. ह्यांच्या दादांना झाला तोच. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आणि वर्षभर आम्ही समजलो की सुटलो. ह्यांनी मंडपाचा धंदाही पुन्हा सुरू केला होता. दिवाळीनंतर मानेत गाठी आल्या. डावीकडची लिंबाएवढी, उजवीकडची सुपारीएवढी. आता कापता येणार नाही म्हणतात, आणि रेडिएशन त्याच जागी पुन्हा देता येत नाही.

प्राची तुला भेटायला उरणला येते हे मला ठाऊक आहे. ती माझ्या पोटची असली तरी वाढली तुझ्या मांडीवर. मी तिला अडवत नाही. तिने तुला बापाबद्दल किती सांगितलं ते मात्र मी विचारलेलं नाही.

इथल्या इस्पितळात भाविका नावाच्या डॉक्टर आहेत. आपल्या प्राचीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्या म्हणाल्या, एका नव्या उपचाराची तपासणी चालू आहे, ह्यांच्यासारख्या थोड्याच लोकांवर, तुम्ही बसता का बघू. गाठीत लोखंडाचे अगदी बारीक कण सोडायचे आणि बाहेरून चुंबकाच्या यंत्राने ते तापवायचे. त्याच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी शिरेतून इम्युनोथेरपीचं औषध. कण किती बारीक, तर नॅनो. हे म्हणाले, नॅनो म्हणजे ती छोटी गाडी ना? डॉक्टर हसल्या. जिभेचं ऑपरेशन झाल्यापासून हे थोडे बोबडे बोलतात, तरी त्यांना ते कळलं.

दादांच्या आजारपणात जे झालं त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही. एवढंच लिहिते, की काल जेवताना हे आपणहून म्हणाले, “वयनीला एकदा बघायचं हाय.” मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग वाटलं, निरोप पोचवणं तरी माझ्या हातात आहे.

सुनीता


कोन
२७ फेब्रुवारी २०२५

कुमुदबाय,

तुझं उत्तर नाही. मी धरलंही नव्हतं. पण प्राची म्हणाली की काकीने पत्र वाचलं, दोनदा वाचलं, म्हणून दुसरं लिहिते.

ह्यांना उपचारात घेतलं. आधी सहीचा कागद होता. अठरा पानं, मराठीत. आम्ही म्हटलं, द्या, सही करतो. डॉक्टर भाविका म्हणाल्या, नाही, मी वाचणार आणि तुम्ही ऐकणार. मग दीड तास त्यांनी एकेक ओळ वाचली. काय होऊ शकेल, काय बिघडू शकेल, कितीजणांना फरक पडला, कितीजणांना नाही. अंगावर पुरळ येईल, थायरॉइड बिघडेल, जुलाब लागले तर घरी औषध न घेता तडक यायचं. मधेच ह्यांनी विचारलं, यातलं काही लपवलेलं नाय ना?

डॉक्टर म्हणाल्या, “मला माहीत आहे ते सगळं यात आहे. आणि मला माहीत नाही, तेही यात लिहिलेलं आहे.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. का ते तुला कळेल.

तुला हसू येईल अशी एक गोष्ट सांगते. चुंबकाच्या यंत्रात मानेजवळ, तोंडात धातू चालत नाही. तापतो. ह्यांच्या पुढच्या दाताचं ते पिवळं टोपण आठवतं ना, ज्याच्यासाठी तू ह्यांना लग्नात सोनेरी नवरदेव म्हणाली होतीस? ते काढावं लागलं. दाढेतलं चांदीचं भरण काढून पांढरं भरलं. घरी येऊन आरशात बघितलं आणि म्हणाले, मी तर साधा माणूस दिसायला लागलो.

कण फक्त डाव्या गाठीत सोडले. उजवीला हात लावला नाही. मी विचारलं, तिला का नाही? डॉक्टरांनी समजावलं ते मला असं कळलं: आपल्या अंगात पहारेकरी असतात, पण कॅन्सर त्यांच्यासमोरून घरचा माणूस असल्यासारखा फिरतो, त्यामुळे ते त्याला धरत नाहीत. एक गाठ तापवून फोडली की आतलं सगळं उघड्यावर येतं आणि पहारेकऱ्यांना त्याचा खरा चेहरा दिसतो. वर कॅन्सरने त्यांचे पाय बांधून ठेवलेले असतात, ते हे शिरेतलं औषध सोडवतं. मग एका गाठीत चेहरा बघितलेले पहारेकरी दुसरी गाठही शोधून काढतात का, हेच त्यांना बघायचं आहे. म्हणजे डावी गाठ उपचाराची आणि उजवी परीक्षेची.

पहिल्यांदा तापवलं त्या दिवशी मी दाराबाहेर होते. मंगळसूत्र, केसातल्या पिना, सगळं काढून डब्यात ठेवून मला आत दोन मिनिटं सोडलं. हे उताणे पडलेले, मानेवरून मोठी कमान, गाठीत केसासारखी काचेची तार. ती तार आतली उष्णता सांगते. पडद्यावर आकडा चढत गेला, अडतीस, चाळीस, त्रेचाळीसवर येऊन थांबला. तासभर तिथेच ठेवला. बाहेर आल्यावर मी विचारलं, भाजलं का? म्हणाले, “नाय गो. मे महिन्यात, भर दुपारी मांडवाचे बांबू बांधताना मान तापते, तसं.”

आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. आज पहिलं शिरेतलं औषधही झालं. सगळं ठीक चाललंय. घरी येऊन त्यांनी मऊ भात आणि निवटी माशाचं कालवण मागून घेतलं. तिखट अजून चालत नाही, तरी चवीला म्हणून वरचा रस्सा घेतला. मला बरं वाटलं.

सुनीता


कोन
२० मार्च २०२५

कुमुदबाय,

हे पत्र मी इस्पितळाच्या आवारात बाकावर बसून लिहिते आहे. आत ह्यांना दुसरं औषध चढतंय.

डावी गाठ मऊ झाली आहे, निम्म्याने बसली आहे. पण उजवी सुजली. सुपारीएवढी होती ती आता आवळ्याएवढी आहे. गेले दहा दिवस रोज सकाळी हे बोट लावून बघतात आणि मला सांगत नाहीत, आणि मी अंथरूण आवरताना बघते आणि त्यांना सांगत नाही. शेवटी आज डॉक्टरांसमोर दोघांनी एकदम सांगितलं. त्या म्हणाल्या, वाढलं म्हणजे बिघडलंच असं या औषधात नसतं. कधी कधी पहारेकरी आत घुसतात आणि त्यांच्याच गर्दीने गाठ फुगते. मग ह्यांना तसंच झालंय का, असं मी विचारलं. म्हणाल्या, “आज मला सांगता येणार नाही. सुई घालून तुकडा घेते. चार दिवसांनी सांगते.”

येताना गाडीत हे म्हणाले, मला काही झालं तर वयनीला कळव, पण बोलवू नकोस, तिला त्रास होईल. आणि मग नेहमीसारखे बाहेर बघायला लागले.

कुमुदबाय, आता मी ते लिहिते जे पहिल्या पत्रात लिहायचं होतं.

दादांच्या जिभेचा तुकडा तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट हे लॅबमधून घेऊन आले तो एकवीस एप्रिल २०१६. ह्यांनी तो माझ्या हातात दिला आणि सांगितलं, मी मांडवाच्या कामाला पेणला चाललोय, दादाला आणि वयनीला आत्ताच्या आत्ता दे, तू वाचलंस तर रडशील, वाचू नको. मी वाचला. प्राचीचं लग्न बारा मेला होतं. मी तो कागद माझ्या लुगड्यांच्या घडीत ठेवला. रात्री ह्यांनी विचारलं, दिलास? मी म्हटलं, दिला, पण त्यांना लग्नापर्यंत त्यावर कुणाशी बोलायचं नाही, तुम्हीही विषय काढू नका. ह्यांनी विश्वास ठेवला. दादांशी ते बावीस दिवस ह्या एका गोष्टीवर बोलले नाहीत, ते माझ्यामुळे.

तेरा मेला, प्राची सासरी गेल्यावर, मी तुला कागद दिला आणि म्हटलं, आत्ताच आला. पुढच्या मार्चात दादा गेले. तेराव्यानंतर तू फाइल लावायला बसलीस, तारीख बघितलीस आणि भर घरात विचारलंस, रिपोर्ट कुणी दाबून ठेवला? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “मी.” एवढंच. तू कपडे भरलेस आणि माहेरी भावाकडे निघून गेलीस.

मी नंतर ह्यांना विचारलं, का? म्हणाले, प्राचीला दोन आया आहेत, त्यातली एकही तिच्या मनातून उतरायला नको. मी त्यांना आठ वर्षं तुझ्या नजरेत पडून राहू दिलं. प्राचीला अजून ठाऊक नाही. हे पत्र पोस्टात टाकून मी तिलाही सांगणार आहे.

माझ्याबद्दल तुला जे वाटायचं ते वाटो. ह्यांच्याबद्दल वाटू नये, इतकंच. आजपर्यंत लिहिलं नाही कारण भीती वाटायची. आज उजवी गाठ बघितल्यावर त्याहून मोठी भीती वाटली, की हे असेच जातील आणि तुला खोटंच ठाऊक राहील.

नर्सबाई हाक मारते आहे. जाते.

सुनीता


कोन
१५ एप्रिल २०२५

कुमुदबाय,

परवा रविवारी तू आलीस. मी मागच्या दारी वाल सोलत होते. रिक्षा थांबली, मला वाटलं मंडपाचं कुणी असेल, म्हणून सूप घेऊन पुढच्या दारी आले. पुढच्या दारातून तू आत गेलीस, माझ्या अंगावरून, माझ्याकडे न बघता, आणि सरळ ह्यांच्या खाटेशी जाऊन बसलीस. मी त्या वालाच्या सुपासहित तशीच उभी.

तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. ह्यांचं ऐकू आलं, कारण त्यांना जोर लावून बोलावं लागतं. ते म्हणत होते, “जाऊ दे वयनी. तेवा तिचा पोरीत जीव अडकलेला.” मग तू रडलीस. मग हे रडले. मला आत यायचं धाडस झालं नाही. मी चुलीशी जाऊन उगाच पाणी तापवत बसले.

तू तीन तास बसलीस. ह्यांना सांगितलंस की तू आता द्रोणागिरीला गोदामात पॅकिंगच्या पंचवीस बायकांवर सुपरवायझर आहेस, आणि कर्नाळ्याला बायकांची सहल काढली तर निम्म्या वर न चढता खालीच वडापाव खात बसल्या. हे किती दिवसांनी एवढे हसले. त्यांच्या मानेला हात लावून तू उजवी गाठ बघितलीस. मी दाराआडून बघत होते.

निघताना पायरीवर थांबून तू म्हणालीस, “सुनीता, माझी चप्पल कुठे गेली?” कुत्र्याने ओढून पारिजातकाखाली नेली होती. मी आणून दिली. तू घातलीस आणि गेलीस. आठ वर्षांनी माझं नाव तुझ्या तोंडून ऐकलं, ते चपलेसाठी का होईना.

तुला सांगायचं राहिलं, कारण तू मला विचारलं नाहीस: सुई घालून घेतलेल्या तुकड्यात पहारेकरीच जास्त निघाले. डॉक्टर भाविकांनी चार दिवसांनी सांगते म्हटलं होतं, त्या चौथ्या दिवशी सकाळी नऊलाच त्यांचा फोन. आता उजवी गाठ उतरायला लागली आहे. हात न लावलेली गाठ. मी त्यांना दहादा विचारलं, तिच्यात कण सोडलेच नव्हते ना? नव्हते म्हणाल्या.

अंगावर पुरळ आलंय, खाज सुटते, त्यावर मलम दिलंय. थायरॉइडची गोळी सुरू झाली. ते चालायचंच.

प्राचीला सांगितलं. तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. काल आली आणि तिने बापाची दाढी केली. माझ्याशी बोलली, तुझ्यासारखंच, कामापुरतं.

सुनीता


कोन
८ जून २०२५

कुमुदबाय,

तू गेल्या महिन्यात दोन्ही औषधांना आलीस. समोर असलीस की मला सुचत नाही, म्हणून पुन्हा लिहायला बसले.

आधी स्कॅनचं. शुक्रवारी कळलं. डावी गाठ मेलेली आहे, आत नुसता डाग उरलाय. उजवी वालाच्या दाण्याएवढी. नवीन कुठे काही नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे बरे झाले? त्या म्हणाल्या, हा शब्द मी आज वापरणार नाही, आटोक्यात आहे म्हणेन, औषध दोन वर्षं चालू राहील, दर तीन महिन्यांनी बघू. ह्यांच्याबरोबर उपचार घेतलेल्या दोघांना फरक पडला नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. त्यातले एक वेश्वीचे मास्तर आमच्या शेजारी बसायचे. आनंदाच्या दिवशी ते ऐकायला नको वाटलं. पण मला त्या बाईचं हेच आवडतं.

हे घरी येऊन शेडमध्ये गेले आणि मंडपाचे पडदे उन्हात काढायला लावले. दिवाळीनंतरची दोन लग्नं धरली आहेत. मी रागावले नाही.

आता बावीस मेचं. औषध चढत होतं, हे झोपले होते, आणि आपण दोघी बाकावर. मी तुला सांगितलं की मी डॉक्टर भाविकांना विचारलं होतं, जिभेच्या कॅन्सरमध्ये बावीस दिवस उशीर झाला तर माणूस त्यानेच जातो का? आणि त्या म्हणाल्या होत्या की सांगता येत नाही, कदाचित काहीच बदललं नसतं, कदाचित बदललं असतं. मी हे तुला स्वतःला वाचवायला सांगत नव्हते. मला वाटलं, तुला ठाऊक असायला हवं.

तू ह्यांच्या अंगावरची चादर सारखी केलीस. मग म्हणालीस, “मी तेवाच विचारलेलं. आमच्या ह्यांच्या डॉक्टरनी पण हेच सांगितलं. मला राग त्याचा नव्हता.”

मी विचारलं, मग कशाचा?

“ते बावीस दिस आमचे होते. त्याचं काय करायचं ते आमी ठरवणार होतो. कदाचित आमी पण लग्न होईस्तोवर गप्प बसलो असतो. प्राचीसाठी मीच म्हटलं असतं, थांबा. पण तू मला ते म्हणूच दिलं नाय.”

मी आठ वर्षं औषधाला झालेल्या उशिराचा हिशोब करत बसले, आणि तुमच्याकडून हिरावून घेतलं होतं ते दुसरंच. एवढी साधी गोष्ट मला तू सांगेपर्यंत कळली नाही, आणि तू मला ती सांगितलीस, ओरडून नाही, शेजारी बसून. मी तेव्हा चुकलं म्हणाले, ते तू ऐकलंस की नाही माहीत नाही, कारण तेवढ्यात बाटली संपली आणि यंत्र वाजायला लागलं. म्हणून इथे लिहिते. कुमुदबाय, माझं चुकलं.

थोड्या वेळाने तू आपणच म्हणालीस की प्राचीच्या हळदीला दादा काय नाचले होते, ब्रास बँडवाले दमले पण ते थांबेनात. आणि तू हसलीस. मी हसू की नको, मला कळेना. तू कोपराने मला ढोसलंस, तेव्हा हसले.

तू मला माफ केलंस असं मी धरत नाही. तू तसं म्हणालेली नाहीस, आणि म्हणावंस असा आग्रह नाही. पण आता रात्री मला झोप लागते. ह्यांनाही लागते. प्राची काल तिच्या लेकीला घेऊन राहायला आली, आणि आईने केलेला भात कच्चा आहे असं तोंडावर सांगितलं. घरात पुन्हा बोलणी खायला मिळायला लागली.

येत्या गुरुवारी पुढचं औषध आहे. नऊला प्राचीचा नवरा गाडी घेऊन येईल, तू साडेआठपर्यंत पोच म्हणजे चहा होईल. गाडीत मागे ह्यांच्या शेजारी तू बस. वाटेत त्यांना बोलायला तू लागतेस. मी पुढे बसेन.

तुझी धाकटी जाऊ,
सुनीता